न्यायासनाने लिहिलेला कुलवृत्तांत

मेक्सिकोच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून १९३२ साली एक चिमुकली हस्तलिखित वही चोरीला गेली. तळहातावर मावेल एवढा तिचा आकार, आणि भिंग घेऊन वाचावे लागेल इतके बारीक अक्षर. ऐंशीहून अधिक वर्षे तिचा मागमूस नव्हता. २०१६ साली ती न्यूयॉर्कच्या एका लिलावगृहात विक्रीस आली, तेव्हा एका ज्यू संग्राहकाने तिचे मोल ओळखले आणि त्याच्या खटपटीमुळे २०१७ साली ती मेक्सिकोला परत मिळाली. ही वही लिहिणाऱ्या तरुणाला १५९६ साली मेक्सिको नगरीच्या भर चौकात शिक्षा वाचून दाखवून चितेकडे नेण्यात आले होते. त्याचे नाव लुईस दे कार्वाहाल. वहीत मात्र त्याने स्वतःसाठी दुसरेच नाव घेतले आहे : जोसेफ लुंब्रोसो.

आपल्याकडे कुलवृत्तांत लिहिण्याची मोठी परंपरा आहे. मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत, शाखा आणि त्या शाखांतील कर्तबगार मंडळी यांच्या नोंदींनी भरलेले जाडजूड ग्रंथ मराठी घराघरांत आढळतात. कार्वाहाल घराण्याचाही असाच, किंबहुना अधिकच तपशीलवार वृत्तांत उपलब्ध आहे. फरक एवढाच, की तो घराण्यातील कोणी अभिमानाने लिहिलेला नाही. ज्या न्यायासनाने ते घराणे संपविले, त्याच न्यायासनाच्या कारकुनांनी तो लिहिला. घरात शुक्रवारी संध्याकाळी कोणी कपडे बदलले, कोणी डुकराचे मांस टाळले, कोणत्या दिवशी कोणी उपवास धरला, हे सारे त्या दप्तरात तारीखवार नोंदलेले आहे.

हे घराणे मूळचे पोर्तुगाल व स्पेन यांच्या सीमाभागातले. १४९२ साली स्पेनने आपल्या ज्यू प्रजेपुढे बाप्तिस्मा की देशत्याग एवढाच पर्याय ठेवला. अनेकांनी शेजारच्या पोर्तुगालचा आश्रय घेतला. पण १४९७ साली तेथे तर देशत्यागाचा मार्गही बंद करून सरसकट सक्तीने बाप्तिस्मे देण्यात आले. अशा बाटवलेल्या कुटुंबांना 'नवख्रिस्ती' म्हणत. पिढ्या उलटल्या तरी हे 'नव'पण जात नसे. धर्म बदलला तरी रक्त शुद्ध नाही, असे ठरवून त्यांना अनेक पदांपासून दूर ठेवले जाई. धर्मांतर केल्याने समता मिळते, असे आजही अनेकांना सांगितले जाते. सोळाव्या शतकातील स्पेनचे हे कायदे त्यांनी जरूर अभ्यासावेत.

थोरला लुईस दे कार्वाहाल अशाच एका कुटुंबात पोर्तुगालमधील मोगादोरो या गावी जन्मला. तरुणपणी तो आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या केप व्हर्दे बेटांवर राजाच्या नोकरीत होता. ती बेटे गुलामांच्या व्यापाराचे मोठे केंद्र, आणि त्याचा मामाही त्याच धंद्यात होता. पुढे तो मेक्सिकोत, म्हणजे त्या वेळच्या 'नव्या स्पेन'मध्ये आला. १५६८ साली इंग्रज दर्यावर्दी हॉकिन्सचे किनाऱ्यावर सोडलेले खलाशी त्याने पकडून दिले, उत्तरेतील चिचिमेक जमातींविरुद्धच्या मोहिमांत नाव कमावले आणि अखेर १५७९ साली दुसऱ्या फिलिप राजाकडून एक विलक्षण सनद मिळविली. ताम्पिको बंदरापासून पुढे दोन्ही बाजूंस २०० लीग, म्हणजे ८०० किलोमीटरांहूनही अधिक लांबीरुंदीचा मुलूख त्याने जिंकावा, वसवावा आणि त्याचा राज्यपाल म्हणून कारभार पाहावा, असा तो करार होता. मुलखाचे नाव ठरले नुएवो लेओन, नवे लेओन राज्य. सोबत नेण्याच्या वसाहतकारांच्या रक्तशुद्धीचे पुरावे मागू नयेत, अशी सवलतही त्याला मिळाली होती. आपल्या सग्यासोयऱ्यांना नेता यावे म्हणून त्याने ती मुद्दाम मागून घेतली असावी, हा तर्क अवास्तव वाटत नाही.

थोरल्या लुईसला अपत्य नव्हते. त्याची पत्नी गियोमार हिने समुद्रापार येण्यास नकार दिला. म्हणून त्याने आपली बहीण फ्रान्सिस्का, तिचा पती फ्रान्सिस्को रोद्रिगेस आणि त्यांची मुले यांना बरोबर घेतले आणि भाचा लुईस याला आपला वारस ठरविले. १५८० साली हे कुटुंब जहाजात चढले. त्या एका जहाजात एकाच रक्ताची माणसे दोन निरनिराळ्या श्रद्धा घेऊन प्रवास करीत होती. राज्यपाल मनाने पुरता कॅथलिक झालेला होता. बहिणीचा थोरला मुलगा गास्पार तर डॉमिनिकन पंथाचा भिक्षू होता आणि आधीच मेक्सिकोला पोहोचला होता. बहीण, मेहुणा आणि बाकीची बहुतेक भावंडे मात्र घराची दारे लावून मोझेसचा धर्म पाळत होती. मागे राहिलेल्या गियोमारने आपल्या भाचीला, इसाबेलला, निघताना सांगून ठेवले होते, की जमल्यास मामांना पूर्वजांच्या धर्माकडे वळव. नवऱ्याला आयुष्यभर जे सांगण्याचे धैर्य तिला झाले नाही, ते तिने विधवा भाचीवर सोपविले.

येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबून आपल्या किनाऱ्याकडे पाहावे. याच १५८० साली गोव्यात गार्सिया दा ओर्ता या वैद्याची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. ओर्ताही नवख्रिस्तीच. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य होता, मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते आणि भारतीय वनौषधींवरील त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्याच्या मृत्यूनंतर त्याची बहीण कातारिना हिला १५६९ साली जाळण्यात आले आणि बारा वर्षांपूर्वी मेलेल्या भावालाही १५८० साली तीच शिक्षा झाली. त्याच वर्षी पोर्तुगालची गादीही दुसऱ्या फिलिपकडे गेली. मेक्सिको आणि गोवा या दोन्ही ठिकाणची न्यायासने वेगवेगळी होती, पण ती आता एकाच राजाच्या छत्राखाली आली. कार्वाहाल मंडळी जहाजात चढली ती या वर्षी.

नुएवो लेओनमध्ये थोरल्या लुईसने काही वसाहती स्थापन केल्या. पण त्या रूक्ष मुलखात चांदी सहज हाती लागेना. मग त्याच्या माणसांनी झटपट पैशाचा मार्ग धरला. चिचिमेक स्त्रीपुरुषांना पकडायचे, 'बंडखोर' ठरवायचे आणि दक्षिणेत खाणमालकांना विकायचे. १५४२ च्या कायद्यांनी स्थानिकांना गुलाम करण्यास मनाई केली होती, तरी 'न्याय्य युद्धा'त पकडलेल्यांसाठी पळवाट काढली जाई, आणि त्या पळवाटेतून माणसांचा बाजार चाले. या घराण्याविषयी लिहिणारे पुष्कळ लेखक येथे झपाझप पाने उलटतात. आपण उलटू नयेत. ज्या घराण्यावर पुढे अनन्वित अत्याचार झाला, त्याच घराण्याच्या प्रमुखाने दुसऱ्यांची घरे उद्ध्वस्त केली होती. चिचिमेकांनाही त्यांचे देव होते, त्यांच्याही मुलीबाळी होत्या. त्यांचा कुलवृत्तांत कोणत्याच दप्तरात नाही.

व्हाइसरॉयशी मुलखाच्या हद्दीवरून वाद झाला आणि गुलामांच्या व्यापाराचे निमित्त पुढे करून त्याने राज्यपालाला अटक केली. एवढ्यात दुसरीकडून वीज कोसळली. इसाबेलने राज्यपालाच्याच एका कप्तानाजवळ मसीहाविषयी आपल्या मनातले बोलून दाखविले आणि त्याने तिची वर्दी दिली. १५८९ साली एकेक करून सारे कुटुंब इन्क्विझिशनच्या कोठडीत गेले. राज्यपालाविरुद्धचा आरोप विचार करण्यासारखा आहे. तो स्वतः ज्यू धर्म पाळत होता, असे नाही. इसाबेलने मामाला वळविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा संतापून त्याने तिच्यावर हात उचलला होता. पण तिची वर्दी मात्र त्याने दिली नाही. भाचीला चितेवर पाठविण्याचे त्याच्या मनाने घेतले नाही, हाच त्याचा गुन्हा! १५९० च्या जाहीर समारंभात त्याला दोषत्याग करावा लागला, सहा वर्षांची हद्दपारी मिळाली आणि पुढच्याच वर्षी तो तुरुंगात मेला. भिक्षू गास्पारलाही याच मौनाबद्दल शिक्षा झाली. मेहुणा आधीच वारला होता, तर त्याचा पुतळा जाळला. फ्रान्सिस्का आणि तिच्या मुली यांना 'सानबेनितो' नावाचा पिवळा कलंकाचा झगा घालून दिवस कंठण्याची सजा झाली.

आता धाकट्या लुईसची गोष्ट. कोवळ्या वयात घरच्यांनी त्याला कुळाचे गुपित सांगितले. पानुको येथे त्याने एका पाद्र्याकडून सहा पेसोंना लॅटिन बायबल विकत घेतले. त्यातील उत्पत्तीच्या प्रकरणात सुंता न केलेल्याचे नाव पुण्यवंतांच्या यादीतून पुसले जाईल, अशा अर्थाचे वचन वाचून तो उठला, नदीकाठी गेला आणि जुन्या कात्रीने त्याने स्वतःची सुंता केली. हिब्रू भाषेचे शिक्षण त्याला कधी मिळाले नव्हते. त्याने कोणा रब्बीचे तोंड पाहिले नव्हते, सिनेगॉगची पायरी चढली नव्हती. पूर्वजांचा धर्म त्याने मिळेल त्या तुकड्यांतून जुळवला.

त्यातही नियतीचा विनोद असा, की सर्वांत मोठा तुकडा त्याला चर्चनेच पुरविला. १५९० च्या शिक्षेनंतर प्रायश्चित्त म्हणून त्याला त्लातेलोल्को येथील विद्यालयात ठेवण्यात आले. तेथे स्थानिक मुलांना लॅटिन शिकवायचे आणि पेद्रो दे ओरोस या वृद्ध भिक्षूचे लेखनिक म्हणून काम करायचे. ओरोस सज्जन होता. त्याने ग्रंथालयाची किल्ली लुईसच्या हाती दिली. पाखंडाचे खंडन करण्यासाठी लिहिलेल्या जाड ख्रिस्ती भाष्यग्रंथांत ज्यू मतांचे उतारे दिलेले होतेच. लुईस तेवढेच उतरवून घेऊ लागला. एका भाष्यात त्याला ज्यू धर्माची तेरा तत्त्वे सापडली. ती वाचून आपल्याला कसा आनंदाचा भर आला, हे त्याने त्या चिमुकल्या वहीत लिहून ठेवले आहे. ज्यांनी त्याचा धर्म पुसण्यासाठी त्याला तेथे डांबले, त्यांच्याच पोथ्यांतून तो आपला धर्म शिकला.

आपल्या कोकणातील बेने इस्रायल समाजाची येथे आठवण होते. त्यांनाही शतकानुशतके हिब्रू ग्रंथांचा आधार नव्हता. तरी शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम त्यांनी सोडला नाही. गावकऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटले आणि त्यांच्या नेमात कोणी आडवे आले नाही. ज्या खुणेवरून मेक्सिकोत माणूस चितेवर गेला, त्या खुणेवरून कोकणात फक्त एका जातीचे नाव पडले. जगातील ज्यू इतिहासकार भारताविषयी जो जिव्हाळा व्यक्त करतात, त्याचे मूळ येथे आहे.

१५९५ च्या फेब्रुवारीत लुईसला पुन्हा अटक झाली. कोठडीत त्याच्या सोबतीला एका पाद्र्याला कैद्याचे सोंग देऊन ठेवले होते. लुईसने त्याच्यावर विश्वास टाकला. आई आणि बहिणीही याच इमारतीत कोंडल्या आहेत हे कळताच त्याने त्यांना धीर देण्यासाठी अवोकॅडो फळाच्या बियांवर अक्षरे कोरून पाठविली. बिया अधिकाऱ्यांच्या हाती लागल्या. त्यांनी काय करावे? बंदोबस्त कडक न करता त्यांनी लुईसला कागद आणि शाई मिळेल अशी व्यवस्था केली, म्हणजे तो मोकळेपणाने लिहील आणि आपल्याला सारे वाचायला मिळेल. त्याने बहिणींना लिहिलेली ती पत्रे आज उपलब्ध आहेत, ती या कपटामुळे. नंतर छळयंत्रावर ताणल्यावर लुईसचा धीर सुटला आणि त्याने शंभराहून अधिक लोकांची नावे सांगितली. पुढे पश्चात्तापाने त्याने खिडकीतून उडी घेऊन जीव देण्याचाही प्रयत्न केला. हुतात्म्यांच्या चरित्रांतून असे प्रसंग गाळण्याची आपल्याला सवय आहे. पण यंत्रावर ताणलेल्या माणसाच्या तोंडून नावे निघाली यात दोष यंत्राचा, एवढे समजण्याइतका आपला समाज प्रौढ आहे.

८ डिसेंबर १५९६ रोजी लुईस, त्याची आई फ्रान्सिस्का आणि इसाबेल, कातालिना, लेओनोर या तीन बहिणी यांचा शेवट झाला. धर्मपीठ स्वतः रक्त सांडत नाही, म्हणून अपराध्याला 'दयेने वागवावे' अशा शिफारशीसह मुलकी अधिकाऱ्याच्या हवाली करण्याची रीत होती. ती येथेही पाळली गेली. मारियाना नावाच्या बहिणीचे चित्त भ्रमिष्ट झाले होते. तिला बरे होऊ दिले आणि १६०१ साली जाळले. सर्वांत धाकटी आना. घरात तिला आनिका म्हणत. जहाजात चढली तेव्हा ती तान्ही होती. तिला १६४९ साली जाळण्यात आले. त्या वेळी तिचे वय सुमारे सत्तर वर्षांचे होते आणि ती दुर्धर आजाराने ग्रस्त होती. एका कुटुंबाचा पाठलाग या न्यायासनाने साठ वर्षे केला. बाल्तासार आणि मिगेल हे दोन भाऊ तेवढे इटलीकडे निसटले.

१५९६ च्याच सप्टेंबरात थोरल्या लुईसचा जुना सहकारी दिएगो दे मोंतेमायोर याने नुएवो लेओनमध्ये, कार्वाहालने वसविलेल्या आणि उजाड पडलेल्या वसाहतीच्या जागी, नवे गाव वसविले. ते आजचे मॉन्तेरे, मेक्सिकोतील सर्वांत मोठ्या उद्योगनगरींपैकी एक.

मेक्सिकोच्या न्यायासनाचे दप्तर टिकले, म्हणून १९३५ साली लुईसच्या खटल्याची कागदपत्रे छापली गेली आणि १९४४ साली आल्फोन्सो तोरो या मेक्सिकन इतिहासकाराने या घराण्यावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. स्वतःच्या देशाच्या धर्मसत्तेने केलेले पाप त्याच देशातील अभ्यासकांनी उजेडात आणले आणि त्याबद्दल तेथे कोणी त्यांना जातीयवादी म्हटले नाही.

गोव्याचे काय? तेथील इन्क्विझिशन १५६० पासून, मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षे वगळता, १८१२ पर्यंत चालू होते. मेक्सिकोत निदान स्थानिक 'इंडियन' लोकांना १५७१ पासून त्या न्यायासनाच्या कक्षेबाहेर ठेवले होते. गोव्यात तीही सोय नव्हती. तेथे उत्तरोत्तर आरोपी म्हणून उभी राहिली ती मुख्यत्वे बाटवलेली आपलीच माणसे. १७३६ चा फतवा पाहा : अंगणात तुळस लावू नये, मीठ न घालता भात शिजवू नये. कार्वाहालांच्या घरी शुक्रवारचे धुतलेले कपडे हा पुरावा होता, गोव्यात बिनमिठाचा भात. स्वयंपाकघरापर्यंत पोहोचणारी ही नजर दोन्हीकडे सारखीच. पण न्यायासन बंद झाले तेव्हा गोव्याचे बहुतांश दप्तर जाळून टाकण्यात आले. लिस्बन आणि रिओ दि जानेरो येथे काही कागद उरले. अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ साली आपला ग्रंथ लिहिला तो अशा उरल्यासुरल्या साधनांवर आणि देल्लों या फ्रेंच वैद्याच्या आठवणींवर. त्या पुस्तकाला साठाहून अधिक वर्षे झाली. त्याच्या पुढे आपण किती पावले गेलो, हा प्रश्न मराठी विद्यापीठांना विचारायला हवा.

कागद जळले तरी घराणी जळाली नाहीत. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. या देवांबरोबर माणसे गेली, आणि ज्या मुलखात गेली तो त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीत होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवावे. त्या कुटुंबांचे वंशज आज मुंबई, बेळगाव, कारवार, मंगळूरपर्यंत पसरलेले आहेत. त्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. ते चाळले तर स्थलांतराचा प्रसंग बहुधा चार ओळींत उरकलेला आढळतो. 'धर्मच्छळामुळे पूर्वजांनी गाव सोडले' आणि पुढच्या परिच्छेदात थेट पेशवाईतील कारकुनी! कोणी गाव सोडले, कोणी सोडले नाही, जमीन कोणाकडे राहिली, एक भाऊ देव घेऊन निघाला तेव्हा दुसरा का थांबला, याविषयी अवाक्षर नाही. थांबलेल्या भावाने बाप्तिस्मा घेतला की वंशवृक्षाची ती फांदी तेथेच छाटलेली.

कार्वाहाल दप्तराकडून आपल्या कुलवृत्तांतकारांनी घ्यावे ते येथे. त्या दप्तरात भिक्षू गास्पार आहे आणि हुतात्मा लुईसही आहे. गुलाम विकणारा मामा आहे आणि भाचीची वर्दी न देणाराही तोच आहे. आपल्या वंशवृक्षात गोव्यातील थांबलेल्या भावाची शाखा पुन्हा जोडली पाहिजे. ती माणसे परकी नव्हेत. त्यांतील कित्येक ख्रिस्ती घरांना आपले पूर्वीचे आडनाव आणि मूळ ग्रामदेवता आजही ठाऊक आहे. गावकरीच्या जुन्या नोंदवह्यांत दोन्ही शाखांची नावे शोधता येतात. पणजीच्या पुराभिलेखागारात जुन्या पोर्तुगीज कागदांचा मोठा संग्रह आहे, देवस्थानांकडे महाजनांच्या याद्या आहेत. पोर्तुगीज वाचणारे तरुण मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. प्रत्येक कुलमंडळाने आपल्या वार्षिक स्नेहसंमेलनाच्या भोजनखर्चातून दरवर्षी एका विद्यार्थ्याला ती भाषा शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली, तर पाच वर्षांत कामाला लागतील असे वाचक तयार होतील. कुलमंडळांच्या पुढच्या सभेत हा विषय कोणीतरी मांडावा.